मावशीचा हेडफोन ॲम्प: पाच व्होल्टांत काय बसलं, काय नाही

पार्श्वभूमी

नाशिकला सिडकोत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी टीव्ही आणि डेक यायचे, आता इन्व्हर्टरचे बोर्ड जास्त. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक मुलगा वही घेऊन आला. त्याला इथे ओंकार म्हणू. इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. त्याच्या मावशीसाठी यूएसबीवर चालणारा हेडफोन ॲम्प्लिफायर करायचा होता. मावशींना मीनलताई म्हणू. दोन्ही नावं बदललेली, बाकी सगळं झालं तसंच.

मीनलताई मुलाखतींचं शब्दांकन करतात. निफाड, दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांशी कोणीतरी तासतासभर बोलतं, त्याच्या फाइल यांच्याकडे येतात आणि या लॅपटॉपवर ऐकत टाइप करतात. घरी गंगापूर रोडला बसून, आणि आठवड्यातून दोनदा मुंबईला जाताना पंचवटी एक्स्प्रेसमध्ये. रेकॉर्डिंग बहुतेक मोबाइलवर केलेलं. बोलणारा बाजेवर, मोबाइल लांब कट्ट्यावर आणि मागे फवारणीचा ब्लोअर.

त्यांच्याकडे हेडफोन दोन. रोजचा ३२ ओहमचा, बंद कपांचा, खोक्यावर १०० डेसिबल प्रति मिलिवॅट लिहिलेलं. दुसरा भावाने दिलेला स्टुडिओतला, २५० ओहम, ९६ डेसिबल. तो कानाला सुखाचा, दिवसभर घातला तरी कान दुखत नाहीत, पण आवाज कमी. बजेट दोन हजार, आणि अट एकच: वेगळे सेल नकोत. "घड्याळाचे सेल संपले तर मी तीन महिने बदलत नाही, याचे कधी बदलू?"

नेमकी अडचण

ओंकारच्या वहीत अडचण एका ओळीत होती: आवाज वाढवणे. मीही ती तशीच वाचली आणि पुढच्या पानावर गेलो. तिथेच पहिली चूक झाली. ती त्याच्यापेक्षा माझी जास्त, कारण गिऱ्हाईक 'आवाज येत नाही' म्हणालं की आधी वायर बघायची हे मी तीस वर्षं करत आलोय.

प्रत्यक्षात तक्रारी तीन होत्या. लॅपटॉपच्या हेडफोन सॉकेटमधून सतत बारीक खरखर येई, आणि माउस हलवला की चिरचिर. मुळात रेकॉर्डिंगच हळू आवाजातलं होतं. आणि २५० ओहमचा हेडफोन दबका वाजे. यातल्या फक्त तिसऱ्या तक्रारीला ॲम्प्लिफायर हा इलाज आहे. पहिलीला हवा लॅपटॉपच्या बाहेरचा डॅक, म्हणजे यूएसबीमधून आकडे घेऊन बाहेर आवाज देणारी चिप. दुसरी तक्रार सॉफ्टवेअरची. हे तिन्ही वेगळे करून कागदावर मांडायला आम्हाला तीन आठवडे आणि एक फसलेली जोडणी लागली.

ओंकारची यादी

वहीतली यादी मी पाहताक्षणी ओळखली. १९९०च्या दशकाच्या अखेरीस चू मॉय यांनी खिशात मावणाऱ्या हेडफोन ॲम्पचं एक डिझाइन मांडलं होतं. हौशी लोक त्याला सीमॉय म्हणतात आणि जगभर तो पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत बसवतात. एक दुहेरी ऑपॲम्प (सिग्नल मोठा करणारी चिप, एकात दोन), नऊ व्होल्टची बॅटरी, दोन ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरनी आणि दोन २२० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरनी बॅटरीचे दोन समान भाग करून मधला बिंदू ग्राउंड (शून्य व्होल्ट) मानायचा, आणि गेन ११, म्हणजे आत आलेलं व्होल्टेज अकरा पट. डिझाइन उत्तम आहे, माझा त्यावर काही आक्षेप नाही.

ओंकारने त्यात एकच बदल केला होता: नऊ व्होल्ट खोडून यूएसबीचे पाच. बाकी यादी तशीच. ऑपॲम्प ओपीए २१३४, कारण सगळे त्याची तारीफ करतात. गेन ११, कारण तसं लिहिलंय. पेपरमिंटच्या डबीऐवजी शाळेतली पत्र्याची कंपासपेटी. ती आयडिया मला फार आवडली, हे कबूल करतो.

आवाजाचा उगम म्हणून पीसीएम २७०४ या डॅक चिपचं तयार मॉड्यूल. ही निवड बरोबर होती. चिपला २८ पाय, दोन पायांमधलं अंतर मिलिमीटरहून कमी. झिरो पीसीबीवर (भोकांच्या तयार बोर्डवर) हाताने बसवायची गोष्ट नाही ती. मॉड्यूलवर १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावलेला असतो, ड्रायव्हर टाकावा लागत नाही, लॅपटॉपला लावला की साउंड कार्ड म्हणून दिसतो. ओंकारला खंत होती की हा १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झच्या वर जात नाही. मी म्हटलं, बाजेवरच्या बागायतदाराच्या मोबाइल रेकॉर्डिंगला चोवीस बिट काय करणार आहेत?

आकडेमोड, जी आधी व्हायला हवी होती

आता ती इथे आधी देतो, म्हणजे पुढे काय चुकलं ते कळेल.

पीसीएम २७०४ मध्ये स्वतःचाच छोटा हेडफोन ड्रायव्हर आहे. ३२ ओहमला तो सुमारे १२ मिलिवॅट देतो, म्हणजे साधारण ०.६२ व्होल्ट. मीनलताईंच्या रोजच्या हेडफोनवर १ मिलिवॅटला १०० डेसिबल, तर १२ ला जवळपास १११. हे कान बधिर करणारं आहे. म्हणजे ३२ ओहमच्या हेडफोनला ॲम्प्लिफायरची गरजच नव्हती. मॉड्यूलमध्ये पिन खोचली की काम झालं.

२५० ओहमवर तेच ०.६२ व्होल्ट दीडच मिलिवॅट देतात. ९६ मध्ये पावणेदोन मिळवा, म्हणजे ९८ डेसिबल. कागदावर हेही कमी नाही, पण हा आकडा रेकॉर्डिंगमधल्या सर्वांत उंच टोकाचा. नीट घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये बोलण्याची सरासरी त्याच्या वीसेक डेसिबल खाली असते, म्हणजे ७८. मीनलताईंच्या फाइल त्याहून पंधरा-वीस खाली, म्हणजे साठच्या आसपास. समोर बसून कोणी नेहमीसारखं बोलावं इतकंच. घरी चालून जाईल. कसारा घाटात, डब्याच्या खडखडाटात, चहावाल्याच्या हाकेत चालणार नाही.

तेव्हा हवे होते आणखी दहा-बारा डेसिबल, तेही फक्त २५० ओहमच्या हेडफोनसाठी. बारा डेसिबल म्हणजे व्होल्टेज चौपट: अडीच व्होल्ट, टोकापासून टोकापर्यंत सात. यूएसबी देते पाच.

यावर ओपीए २१३४ लावून बघा. त्याला कमीत कमी पाच व्होल्ट लागतात असं त्याची डेटाशीट सांगते. ओंकारच्या लॅपटॉपच्या पोर्टवर सगळं जोडल्यावर मीटर ४.८ दाखवत होतं. म्हणजे सुरुवातच किमान मर्यादेच्या खाली. शिवाय हा ऑपॲम्प वरच्या रेलच्या, म्हणजे पुरवठ्याच्या वरच्या टोकाच्या, एक-सव्वा व्होल्ट अलीकडेच थांबतो. मधला बिंदू २.४ वर, त्यातून १.२ गेले, हातात उरले १.२ टोकाचे, म्हणजे नेहमीच्या एसी मोजणीने ०.८५ व्होल्ट. डॅक स्वतः ०.६२ देतोय. एवढा सगळा खटाटोप करून फायदा तीन डेसिबलही नाही. आणि गेन ११ ठेवला तर व्हॉल्यूमचं बटण जेमतेम किलकिलं झालं की आवाज फाटायला सुरुवात.

हे गणित दहावीच्या गुणाकार-भागाकारापलीकडे जात नाही. पण यादी ऑपॲम्पच्या नावाने सुरू झाली की हेडफोनच्या खोक्यावरचे दोन आकडे कोणी वाचतच नाही.

पहिली जोडणी: कंपासपेटी

ओंकारने ऑनलाइन मागवलेले ओपीए २१३४ आले. एकाच्या किमतीत दहा. मला तिथेच शंका आली. अक्षरं जरा जास्तच पांढरीशुभ्र होती आणि बोट फिरवलं की पृष्ठभाग खरखरीत लागत होता.

शहानिशा करायला फार काही लागत नाही. खऱ्या ओपीए २१३४ ला नुसतं बसून राहायला दोन्ही बाजू मिळून आठेक मिलिॲम्पिअर लागतात. आमच्या आयसीने ३.४ घेतले. मग दुसरी चाचणी: ऑपॲम्प नुसता फॉलोअर म्हणून (आउटपुट इनपुटइतकंच राहील असा) जोडला आणि त्याच्या धन इनपुटला मधल्या बिंदूपासून एक मेगाओहमचा रेझिस्टर लावला. खऱ्या आयसीच्या इनपुटला फेट जातीचे ट्रान्झिस्टर असतात, त्यातून जवळजवळ काहीच करंट जात नाही, तेव्हा आउटपुट मधल्या बिंदूवरच राहायला हवं. आमचं साठ मिलिव्होल्टने सरकलं. म्हणजे आत साधे ट्रान्झिस्टर. बहुधा ४५५८, जो आपल्याकडे कुठल्याही ॲम्प्लिफायरच्या टोन कंट्रोल बोर्डवर सापडतो. वरचं छापील घासून नवं नाव चढवलेलं. दहाच्या दहा तसेच निघाले.

आता इथे निर्णयाची वेळ होती. खरा आयसी मागवायचा, की थांबून पुन्हा विचार करायचा? ओंकारची सुट्टी संपत आली होती. तो म्हणाला, "काका, आत्ता यावरच करून बघू, नंतर बदलू." मी हो म्हटलं. आयसीसाठी सॉकेट लावलंय ना, कधीही बदलता येईल, मग काय घाई, असा माझा हिशेब.

टेबलावर जोडणी वाजली. आवाज फार मोठा नाही, पण स्वच्छ. जॅकच्या बाहेरच्या भागापासून यूएसबीच्या ग्राउंडपर्यंत मीटर २.४ दाखवत होतं, म्हणजे मधला बिंदू जागेवर. मग त्याने सगळं कंपासपेटीत बसवलं, भोकातून जॅक बाहेर काढला, त्यावर नट फिरवला. नट घट्ट झाला त्या क्षणी आवाज चिरडला, फाटक्या स्पीकरसारखा. नट सैल केला, आवाज ठीक. घट्ट केला, फाटला. ओंकार तीन-चारदा नट फिरवत राहिला, जणू पाचव्यांदा वेगळं काही होईल.

मी मीटर लावलं. नट सैल असताना २.४, घट्ट असताना ०.००.

कारण सोपं होतं. सीमॉयच्या पद्धतीत हेडफोनचं ग्राउंड म्हणजे मधला बिंदू, खऱ्या ग्राउंडपासून निम्म्या व्होल्टेजवर तरंगणारा. जॅकचा धातूचा गळा त्याला जोडलेला. दुसऱ्या टोकाला यूएसबी सॉकेटचं पत्र्याचं कवच खऱ्या ग्राउंडला जोडलेलं आणि तेही पेटीला टेकलेलं. नट आवळला की पेटीच्या पत्र्यातून दोन्ही ग्राउंड एक झाले, मधला बिंदू खाली बसला आणि आवाजाची खालची अर्धी लाट गेली. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर हा प्रश्न येतच नाही, कारण बॅटरीला बाहेरचं दुसरं ग्राउंड नसतं. यादीतला तो एक 'छोटासा' बदल इथे अंगावर आला.

समोरचे पर्याय

त्या रविवारी मीनलताईंनाही दुकानात बोलावलं. त्यांनी फाइल ऐकवल्या तेव्हा तिन्ही तक्रारी पहिल्यांदा वेगवेगळ्या झाल्या. मॉड्यूल थेट लावून ३२ ओहमचा हेडफोन दिला, तर म्हणाल्या, "अहो भाऊ, खरखर गेली की! मग हे बाकीचं कशाला?"

बरोबर होतं त्यांचं. ॲम्प न करणं हा पहिला पर्याय. मॉड्यूल आणि जोडीला ऑडॅसिटी हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर. फाइल टाइप करायला घेण्याआधी एकदा तिचा आवाज वर आणायचा. नुसतं नॉर्मलाइज करून भागत नाही, कारण ते सर्वांत उंच टोक बघतं. मुलाखतीत मध्येच कोणी पेला आपटला की पुढे जागाच उरत नाही. आधी लिमिटरने ती टोकं दाबायची, मग सगळं उचलायचं. ओंकारने दहा मिनिटांत शिकवलं. हळू रेकॉर्डिंगची तक्रार तिथेच बरीचशी मिटली.

पण त्यांना २५० ओहमचाच हेडफोन दिवसभर वापरायचा होता, आणि ओंकारला ॲम्प करायचाच होता. दुसरं कारणही मी कमी लेखत नाही. मुलगा शिकतोय.

पाच व्होल्टांत राहायचं तर रेलला टेकणारा ऑपॲम्प हवा, एडी ८३९७ सारखा. त्यावर दीड-पावणेदोन व्होल्ट मिळाले असते, आठ डेसिबलचा फायदा. पण तो मिळतो पृष्ठभागावर बसवायच्या छोट्या पॅकेजमध्ये, नाशिकच्या दुकानात नाही, आणि दहा नकली आयसी पदरात पडल्यावर महागडा आयसी ऑनलाइन घ्यायची कोणाची छाती नव्हती. शिवाय मधल्या बिंदूची भानगड राहतेच. ती टाळायला आउटपुटला कपॅसिटर घालता येतात. ३२ ओहमला ४७० मायक्रोफॅरड घातला तर खालची मर्यादा साडेदहा हर्ट्झवर येते, २२० घातला तर साडेबावीसवर. बोलण्यासाठी दोन्ही चालतात. फक्त सुरू करताना कानात धप्पकन होतं.

पाचाचे बारा व्होल्ट करायचं तयार मॉड्यूल, एमटी ३६०८ चं, नाशिकला सहज मिळतं. चिप १.२ मेगाहर्ट्झवर चालते, कानाच्या कितीतरी वर. पण भार हलका झाला की ती मधले ठोके गाळायला लागते आणि ते गाळणं ऐकू येण्याच्या पट्ट्यात उतरू शकतं. आमचा भार हलकाच होता. मी नको म्हटलं.

नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या घेऊन खरे धन आणि ऋण रेल करणं हा सर्वांत स्वच्छ मार्ग होता. आजही माझं मत तेच आहे. पण सेल नकोत ही पहिल्या दिवशीची अट. विषय संपला.

उरला ऋण रेल तयार करायचा मार्ग. आयसीएल ७६६० नावाची आठ पायांची चिप, दोन कपॅसिटर लावले की धन पाचाचे ऋण पाच करते. मग हेडफोनचं ग्राउंड हे यूएसबीचंच खरं ग्राउंड, पेटीला टेकलं तरी हरकत नाही. ऑपॲम्प जेआरसी ४५५६: धन-ऋण दोन व्होल्टांपासून चालतो, सत्तर मिलिॲम्पिअरपर्यंत देतो, साध्या आठ पायांच्या पॅकेजमध्ये मिळतो आणि स्वस्त आहे, त्यामुळे त्याची नक्कल करण्यात कोणाला फार फायदा नाही. एनई ५५३२ माझ्याकडे ड्रॉवरभर होते, पण त्यांना खालच्या व्होल्टेजवर जोर कमी पडतो.

७६६० सुद्धा माझ्याच ड्रॉवरमध्ये होता. तो निवडण्यामागे हे कारण किती आणि तंत्र किती, हे मी स्वतःला अजून विचारतो.

दुसरी जोडणी

गेन ३ ठेवला: एक किलोओहम आणि दोन किलोओहम, एक टक्क्याचे मेटल फिल्म. डॅकच्या ०.६२ चे पावणेदोनच्या वर होतात, त्यापुढे रेलच पुरत नाही. आउटपुटला ४.७ ओहम, म्हणजे लांब केबल लावली तरी ऑपॲम्प थरथरणार नाही. तो आकडा याहून मोठा घेतला नाही, कारण हेडफोनच्या ओहमच्या आठव्या हिश्शाच्या आसपासच राहावं असा संकेत आहे, आणि ३२ चा आठवा हिस्सा चार. इनपुटला छोट्या चौकोनी डबीसारखे दिसणारे फिल्म कपॅसिटर. कोणत्या कंपनीचे यावर ओंकारला तासभर बोलायचं होतं, मी बोललो नाही. यूएसबीच्या वाटेवर आणखी एक ४.७ ओहम आणि त्यापुढे मोठा कपॅसिटर, कारण यूएसबीचा नियम सांगतो की पिन खोचताक्षणी पोर्टला दहा मायक्रोफॅरडपेक्षा जास्त दिसायला नको.

पॉटमध्ये, म्हणजे व्हॉल्यूमच्या बटणामागच्या फिरत्या रेझिस्टरमध्ये, आम्ही मार खाल्ला. दुकानातून आलेल्या दुहेरी पॉटवर बी १०के लिहिलेलं होतं. बी म्हणजे सरळ रेषेत वाढणारा. व्हॉल्यूमला ए हवा, लॉगचा. बी लावला की पहिल्या पाव वळणात सगळा आवाज येऊन जातो आणि उरलेलं बटण नुसतंच फिरतं. नाशिकला त्या आठवड्यात ए मिळाला नाही.

सुरू केलं. दोन्ही रेल मोजले: धन ४.७, ऋण ४.१. ऋण बाजू कमी असणार हे माहीत होतं. ७६६० च्या आत सुमारे ५५ ओहमचा अडथळा असतो आणि ऑपॲम्प बसल्या जागी दहा मिलिॲम्पिअर घेतो. स्कोपवर, म्हणजे लाटेचा आकार दाखवणाऱ्या यंत्रावर, एक किलोहर्ट्झची लाट लावली. २५० ओहमवर दोन व्होल्टच्या जरा अलीकडे तिचं खालचं टोक सपाट व्हायला लागलं. म्हणजे डॅकपेक्षा नऊ-दहा डेसिबल जास्त. हवं होतं ते मिळालं.

मी हेडफोन कानाला लावला, झकास. ओंकारने लावला, झकास. संध्याकाळी मीनलताई आल्या, त्यांनी लावला आणि दोन सेकंदांत काढला.

"हे सूं काय वाजतंय?"

मला काहीच ऐकू येत नव्हतं. दुकानातला पंखा बंद केला, शटर अर्धं खाली घेतलं, तेव्हा अगदी बारीक शिट्टी जाणवली. तासतासभर शांततेतले शब्द वेचणाऱ्या बाईला ती पहिल्यांदाच टोचणार, हे मला कळायला हवं होतं. ७६६० चा आंदोलक साधारण दहा किलोहर्ट्झचा, आणि कपॅसिटर भरण्या-रिकामे करण्याचा फेरा त्याच्या निम्म्यावर, पाच किलोहर्ट्झवर. कानाला नेमका नको तिथे. डेटाशीटच्या पहिल्याच पानाजवळची गोष्ट. मी ती वाचली होती, विसरलो होतो, कारण आयुष्यात हा आयसी मी मीटर आणि डिस्प्लेच्या बोर्डांवरच बदललाय, आणि डिस्प्लेला कान नसतात.

स्कोपवर ऋण रेलवर शंभरेक मिलिव्होल्टची करवतीसारखी लहर होती. पण ऑपॲम्प रेलवरची अशी लहर बरीच गिळतो, मग ती कानापर्यंत आली कुठून? झिरो पीसीबी उलटवून पाहिलं तर ७६६० च्या कपॅसिटरचं ग्राउंड आणि हेडफोन जॅकचं ग्राउंड एकाच बारीक वायरवरून जात होतं. कपॅसिटर भरताना जो करंट उसळतो तो त्याच वायरमधून, आणि त्या वायरवर पडणारं व्होल्टेज सरळ कानात.

ओंकार पुढच्या शनिवारी पंचवटीने मुंबईला गेला, लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात. तिथून ७६६० एस आणला. शेवटच्या एस अक्षराकडे लक्ष द्यायचं. त्याचा एक नंबरचा पाय धन रेलला जोडला की आंदोलक पस्तीस-पंचेचाळीस किलोहर्ट्झवर जातो, कंपनीप्रमाणे थोडा इकडेतिकडे. निम्मा केला तरी जवळपास कोणालाच ऐकू न येणारा. साध्या ७६६० चा तो पाय रिकामा असतो, तिथे काही जोडून उपयोग नाही. त्याच खेपेत ए १०के पॉटही आला.

त्याने आयसी बदलला, ऋण रेलवर दहा ओहम आणि ४७० मायक्रोफॅरडचा फिल्टर घातला, आणि ग्राउंडच्या वायरी सोडवून सगळ्या एकाच बिंदूवर वेगवेगळ्या आणल्या. शिट्टी गेली.

नेमकी कशामुळे गेली, हे मात्र सांगता येत नाही. तिन्ही गोष्टी एकाच बैठकीत केल्या. मुलाला मी नेहमी सांगतो, एका वेळी एकच बदल आणि मग मोजायचं. त्या दिवशी त्याला सातच्या आत घरी जायचं होतं आणि मलाही दुकान बंद करायचं होतं. माझा अंदाज ग्राउंडच्या वायरीवर आहे. तसं असेल तर मुंबईची खेप नुसत्या पॉटसाठी झाली म्हणायचं.

शेवटी काय झालं

ॲम्प कंपासपेटीतच बसला. आता जॅकचा गळा आणि पेटी दोन्ही खऱ्या ग्राउंडवर, त्यामुळे नट कितीही आवळा. उलट पत्रा बाहेरची खरखर अडवतो, शेजारी मोबाइल ठेवला तरी टिकटिक येत नाही. पेटीच्या झाकणावरचा पाढ्यांचा तक्ता ओंकारने तसाच ठेवला.

तीन महिन्यांनी मीनलताईंना विचारलं. घरी २५० ओहमचा हेडफोन आणि कंपासपेटी, रोज. गाडीत मात्र कंपासपेटी नेत नाहीत. तिथे ३२ ओहमचा हेडफोन आणि नुसतं मॉड्यूल, ज्याला ओंकारने उष्णतेने आवळणारी नळी चढवून दिलीय. बंद कप गाडीचा आवाज बराचसा बाहेरच ठेवतात, म्हणून व्हॉल्यूमही कमी लागतो. यावर मी जरा आग्रह धरला. मोठ्या माणसांसाठी आठवड्याला चाळीस तास, सरासरी ८० डेसिबल, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा, आणि यांचे तास त्याच्या जवळपास जातात.

म्हणजे 'पोर्टेबल' म्हणून केलेला ॲम्प टेबलावर राहिला, आणि गाडीत गेलं ते आम्ही केलेलंच नव्हतं.

एक तक्रार आहे. व्हॉल्यूम अगदी खाली ठेवला की डाव्या कानात आवाज जास्त. स्वस्त दुहेरी पॉटच्या दोन पट्ट्या सुरुवातीच्या भागात सारख्या नसतात. बटण मधोमध ठेवायचं आणि लॅपटॉपवरून कमी करायचं, हा तात्पुरता उपाय. १६ बिटांतला एखाद-दुसरा बिट त्यात जातो, मुलाखतीला फरक पडत नाही.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्याच दिवशी वही मिटून मॉड्यूल, दोन्ही हेडफोन आणि एक खरी फाइल टेबलावर ठेवली असती, तर अर्ध्या तासात कळलं असतं की कोणता हेडफोन, किती डेसिबल. ओपीए २१३४ यादीत आलाच नसता, नकली तर दूरच.

सेलच्या अटीवर मी वाद घालायला हवा होता. तो मोडून काढला असता असं नाही. पण यूएसबीने चार्ज होणारी बॅटरी आणि सेल या दोन गोष्टी मीनलताईंच्या डोक्यात एकच होत्या, हे नंतर लक्षात आलं. एक लिथियम सेल आणि टीपी ४०५६ चं चार्जर मॉड्यूल हा पर्याय आम्ही मांडलाच नाही. त्यात वेगळ्या अडचणी आहेत. ते मॉड्यूल येताना बहुधा एक ॲम्पिअरवर बसवलेलं असतं, लॅपटॉपच्या पोर्टसाठी त्यावरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर बदलून अडीच-तीन किलोओहमचा करावा लागतो. पण निदान निवड तरी त्यांनी केली असती.

गेन दोनवर आणायला हवा. पॉट मधोमध येईल आणि डाव्या कानाची तक्रार बरीचशी जाईल. दोन्ही बाजूंचा दोन किलोओहमचा रेझिस्टर काढून एकाचा घालायचा, दहा मिनिटांचं काम. ओंकारला दोनदा सांगून झालंय. तो म्हणतो, आधी परीक्षा होऊ दे. मावशी म्हणतात, "चाललंय ना, उगाच उघडू नकोस."